बाजूला येऊन उभे राहणारे मामा

हिच्या मामांइतका निरुपद्रवी आणि हिच्या मामांइतका भीतिदायक माणूस शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी दुसरा सापडायचा नाही. त्यांनी जन्मात कुणावर हात उचलला नाही, कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत, मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मून मटणाला शिवले नाहीत आणि चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी तो मुकाट्याने पिऊन कप विसळून ठेवला. तरीही ते मांडवात शिरले की धट्टीकट्टी माणसं जागा बदलायची आणि म्हाताऱ्या बायका पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी स्वतः तीन वर्षं त्यांच्यापासून लपत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या डाव्या डोळ्याचं आज जे काही उरलंय ते मामांमुळे उरलंय, आणि जे गेलं त्यातलं पुष्कळसं त्या तीन वर्षांत गेलं. उजवा डोळा बराचसा शाबूत आहे म्हणून हे लिहितोय, आणि तोही त्यांच्यामुळेच.

मामा शिरूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचे सहायक होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस मामाच डॉक्टर. उंच, वाळका देह, पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि पायात रबरी तळाचे कापडी बूट. निम्मी भानगड त्या बुटांनी केली. मामांची पावलं ऐकू यायची नाहीत. ते येताना दिसायचे नाहीत, एकदम असायचे. आपण कुणाशी तरी बोलत उभे आहोत, बोलता बोलता उगाच मानेवर काहीतरी फिरल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर खांद्यापासून हातभर अंतरावर मामा. किती वेळ उभे आहेत कोण जाणे. ते मात्र मनातल्या मनात आकडे मोजत असायचे. आपण दचकलो की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं, "झ्याक," असं पुटपुटायचे आणि निघून जायचे. सुटलो म्हणून आपण पुन्हा गप्पांना लागावं, तर पाच मिनिटांनी दुसऱ्या खांद्यापाशी हजर.

मी हिला बघायला गेलो तेव्हा सासरच्या मंडळींनी शिक्षण विचारलं, पगार विचारला, कुरकुंभच्या कंपनीत परमनंट आहे का टेम्पररी ते दोनदा विचारलं. मामांनी काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात आली आणि उजव्या कानापाशी कुणीतरी श्वास घेतंय असं वाटलं. बघतो तर एक पांढरा, लांबलचक माणूस माझ्याकडे न बघता माझ्या कानामागच्या हवेकडे बघत होता. पोहे सतरंजीवर गेले. चहाच्या वेळी हाच प्रकार डाव्या बाजूने झाला आणि चहा माझ्या एकुलत्या एक टेरिकॉटच्या पॅंटवर गेला. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आवाज आला, "पोरगा चांगला हाय. दोन्ही अंगानं दचाकतो." सासरेबुवांनी या एका शिफारशीवर लग्न पक्कं केलं असं ही अजूनही चारचौघांत सांगते.

ही विद्या त्यांना दवाखान्यात कुणी शिकवली नव्हती. त्यांचे वडील मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठाने पार लांबपर्यंत जायचे. दिवस मावळताना मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायची, तेव्हा म्हातारा कुंपणाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहायचा आणि एकेक मेंढी आत सोडताना काठी तिच्या उजव्या अंगाला, मग डाव्या अंगाला हळूच उचलायचा. बिचकली तर ठीक. ज्या अंगाला बिचकली नाही, त्या अंगाचा तिचा डोळा गेलेला. "मेंढी सांगत न्हाई जावईबापू," मामा म्हणायचे, "तिला तरी कुठं ठावं असतं? ती फकस्त त्या अंगाला दुसरी मेंढी घिऊन चालाया लागती." एवढं सांगून ते समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या माणसांकडे बघत राहायचे. त्या बघण्याने अंगावर काटा यायचा, कारण आपल्याला तिथे नुसती माणसं दिसायची आणि त्यांना काय दिसतंय ते सांगता येत नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत ते कधी पहिल्या फेरीला बसायचे नाहीत. समोर उभे राहून पत्रावळी न्याहाळायचे. आमच्याकडे पत्रावळीच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबाची फोड आणि चटणी वाढतात, भाजी उजव्या अंगाला. साडूच्या मुलीच्या लग्नात, दौंडला, नवऱ्या मुलाचे वडील जेवत होते. भरदार मिशा, डोक्याला फेटा, रुबाब असा की वाढपी त्यांच्यापुढे वाकूनच चालत होते. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. व्याह्यांनी भात संपवला, भाजी संपवली, बुंदी दोनदा घेतली. डावं अंग जसंच्या तसं. मामा उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, लिंबू दिसलं न्हाई का तुमास्नी?" पंगत थांबली. व्याह्यांनी खाली बघितलं, मान वळवली, आणि लिंबाकडे असं बघितलं की जणू ते आत्ता जमिनीतून उगवलं. क्षणभर त्या माणसाच्या डोळ्यांत भीती दिसली. मग ती रागात बदलली, मुलीकडचे लोक आमच्या खाण्यावर टपलेत म्हणून आरडाओरडा झाला आणि मामांना आम्ही मागच्या बाजूने बाहेर काढलं. जाताना ते एकच वाक्य घोकत होते, "डावा गेलाय, उजवा तपासा म्हणावं, उजवा तपासा." कुणी तपासला नाही. दीडेक वर्षाने साडू सांगत आला की व्याही आता अंगणातून ओट्यावर यायलासुद्धा सुनेचा हात धरतात.

तिथून गावोगाव बोलवा झाली. मामा ज्याच्या बाजूला उभे राहतात त्याचा डोळा जातो, अशी. खरं म्हणजे ज्याचा डोळा जात असायचा त्याच्या बाजूला मामा जास्त वेळ उभे राहायचे, पण हा उलटा हिशेब कोण करत बसतो? एकदा शिरूरहून न्हावऱ्याला वडापच्या जीपमध्ये मामा पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसले. मैलभर गेल्यावर जीप थांबवायला लावली, आपली पिशवी घेतली, मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना काही न सांगता हाताला धरून उतरवलं आणि तिघं उन्हातून चालत गेले. त्या म्हाताऱ्यांनी वाटभर मामांना शिव्या घातल्या. महिन्याभरात ती जीप भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, डावीकडून येणाऱ्या बैलगाडीवर गेली. कुणी मेलं नाही. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की तिथे गाडी नव्हतीच, रस्ता साफ होता, गाडी हवेतून आली. मामांनी जीपच्या ड्रायव्हरला तेव्हाच सांगितलं होतं, तर ड्रायव्हर म्हणाला होता, "म्हाताऱ्या, माजी नजर घारीची हाय." पण लोकांनी लक्षात काय ठेवलं, तर मामा उतरले आणि जीप गेली.

त्यांना याचं दुःख होतं का? होतं. बोलून दाखवायचे नाहीत. फक्त एका शब्दावर ते चिडायचे, आणि तो शब्द म्हणजे 'पिकू द्या'. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला कमी दिसायला लागलं की घरचे म्हणतात मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. कारेगावातल्या एका आजोबांनी असा चार वर्षं पिकवला. शेवटी शिबिरात आणलं तेव्हा मामांनी बॅटरीचा उजेड टाकला आणि खाली बसले. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदू काढला की दिसतं, काचबिंदूने गेलेलं परत येत नाही. आजोबा हसतमुखाने विचारत होते, "पिकला का वं?" मामांनी त्यांना घरापर्यंत सोडलं, आणि नंतर महिनाभर आपल्या कवठे गावाहून कारेगावला दर रविवारी जाऊन त्यांच्याजवळ नुसते बसून येत. त्या घरचे लोक मामांना दारात बघून दार लावून घ्यायचे. मामा बाहेर ओट्यावर बसायचे, आजोबा आतून बोलायचे.

आता माझ्याकडे येतो. माझी शिफ्टची नोकरी. प्लांटमध्ये वाफा असायच्या आणि डोळे चुरचुरायचे. आमच्या शिफ्टमध्ये थेंबांची एक छोटी बाटली होती, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय द्यायचा. कुणी आणली, कधी आणली, आठवत नाही. लॉकरच्या कट्ट्यावर ती ठेवलेली असायची आणि येता-जाता जो तो मान वर करून दोन थेंब टाकायचा. डोळे कसे गार पडायचे, लाली जायची. संपली की वर्गणीतून नवी यायची. चार वर्षं मी ते थेंब घातले, कामावर घालायचो आणि सुट्टीच्या दिवशी आठवण आली म्हणून घरीही घालायचो. कुणी सांगितलं असतं की या बाटलीपासून जपा, तर मी त्यालाच खुळ्यात काढलं असतं.

मग माझ्या आयुष्यात गोष्टी एकदम उगवायला लागल्या. दौंडच्या बाजारात मोकळ्या रस्त्याने चाललोय आणि अचानक खांद्याला हातगाडी. कंपनीत मोकळ्या पॅसेजमधून जातोय आणि अचानक ट्रॉली, आणि ट्रॉलीवाला बिहारी पोरगा ओरडतोय, "साहब, देख के!" बघूनच तर चाललो होतो. घरात मी एकटाच आहे असं समजून स्वतःशी गुणगुणायचो आणि डावीकडून ही म्हणायची, "बेसूर आहे." ती कधी आली? कुठून आली? दार तर मला दिसत होतं, दार बंद होतं, दारापुढे कुणी नव्हतं. मी शिकलेला माणूस, पण खरं सांगतो, माझ्या डाव्या अंगाला काहीतरी वावरतंय असं मला वाटायला लागलं. हिच्या नकळत मी एका जाणत्याकडून लिंबू उतरवून घेतलं. गोष्टी उगवायच्या थांबल्या नाहीत.

त्याच सुमारास मेव्हणीच्या मुलाचं बारसं होतं. मी पेढा खात उभा होतो. समोर सगळे बोलता बोलता गप्प झाले. मेव्हणी तोंडाला पदर लावून हसत होती, मग तिचंही हसणं गेलं. मी म्हटलं, काय झालं? शेवटी मान वळवली, तर डाव्या खांद्यापाशी मामा उभे. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "चाळीसपतुर मोजलं," ते म्हणाले, "जावईबापू, एकदा घरी या." मी हसून काहीतरी बोललो. आतून मात्र गार पडलो. मला वाटलं, आता माझी पाळी. यांनी माझ्यावर बोट ठेवलं. तो जीपचा ड्रायव्हर आठवला, व्याही आठवले, आणि या शहाण्याने ठरवलं की ज्या माणसाच्या उभं राहण्याने डोळे जातात, त्याला आपल्या बाजूला पुन्हा उभंच राहू द्यायचं नाही.

तीन वर्षं मी हे पाळलं. सासरच्या सहा कार्यांना मी सेकंड शिफ्टचं कारण सांगितलं. मामा दोनदा दौंडला आले. पहिल्यांदा मी माळ्यावर जुनी भांडी शोधत दोन तास बसलो. दुसऱ्यांदा संडासात. ही बाहेर त्यांना चहा देत होती आणि सांगत होती की अहो गावाला गेलेत. मामा जाताना संडासाच्या दारापाशी थांबले आणि दाराला उद्देशून म्हणाले, "दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय का, येवढं तरी सांगा." मी आत श्वास रोखून उभा राहिलो. कडं दिसत होतं. चांगलं इंद्रधनुष्यी कडं, पिवळ्या बल्बभोवती, बरेच महिने.

शेवटी पकडला गेलो तो वास्तुशांतीला. मामांनी निवृत्तीनंतर कवठे येमाईला दोन खोल्या बांधल्या आणि ही म्हणाली, या वेळी आला नाहीत तर मी एकटी जाईन आणि एकटी परत येणार नाही. गेलो. शिरूरला एसटी बदलून कवठ्याला उतरलो आणि फाट्यापासून घरापर्यंत चालत निघालो. लांबवर, घराच्या ओट्यावर पांढरी आकृती उभी होती, आमचं चालणं बघत. आम्ही जवळ पोचलो तेव्हा मामांनी मला रामरामसुद्धा केला नाही. हिला विचारलं, "सुमे, तू ह्यांच्या डाव्या अंगानं कवापास्नं चालतीस?"

ही विचारात पडली. लग्न झालं तेव्हा ती उजवीकडून चालायची. मग म्हणाली, "दोनेक वर्षं झाली असतील. हे सारखे धडकायचे, म्हणून मी आपली त्या बाजूला..." आणि बोलता बोलता थांबली. मेंढरांची गोष्ट तिला माझ्याहून आधीपासून माहीत होती. भर उन्हात तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

मामांनी पूजेला भाऊ-भावजयीला बसवलं होतं, आम्हाला तिकडे जाऊच दिलं नाही. मागच्या अंगाला धान्याची खोली होती तिथे नेलं, दार लावलं आणि एक बल्ब पेटवला. आतल्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत काळं कापड ताणून बसवलेलं होतं. मधोमध शर्टाचं एक पांढरं बटण शिवलेलं. समोर खुर्ची. हिला दारापाशी पोत्यावर बसवलं. मग मामांनी खुंटीवरून काळी शाल काढून गळ्यापासून पायापर्यंत पांघरली, हातात काळा मोजा चढवला, आणि पांढऱ्या कपड्यांतला माणूस त्या कापडात नाहीसा झाला. उरला तो नुसता चेहरा, खोलीच्या एका कडेला तरंगणारा. बाहेर गुरुजींचे मंत्र चालले होते, कुणीतरी नारळ फोडत होतं, आणि ते सगळं फार लांबचं वाटत होतं.

"उजव्या डोळ्यावर हात ठिवा. मधल्या बटनाकडं बघायचं, डोळा हलवायचा न्हाई. तारंवर पांढरा मणी हाय. मणी दिसला की 'हाय' म्हणा."

मी बटणाकडे बघायला लागलो. कापड काळं होतं, स्वच्छ होतं, रिकामं होतं. मी थांबलो. मंत्र संपले, दुसरे सुरू झाले. मामांना तार सापडत नसेल असं वाटलं. आणखी थांबलो. डोळ्यात पाणी यायला लागलं. मागे हिच्या बांगड्या वाजल्या. अवघडल्यासारखं होऊन मी म्हटलं, "मामा, सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. सुरू करताना फक्त सांगा."

मग ही, अगदी बारीक आवाजात, "अहो, तो मणी..."

"सुमे, गप ऱ्हा," मामा म्हणाले. आणि मग मला, "जावईबापू, सुरू करून लई येळ झाला."

त्यांचं वाक्य पुरं होता होता बटणाच्या दोन बोटं अलीकडे, कोऱ्या काळ्या कापडातून एक पांढरा मणी बाहेर आला. कुठून सरकत आला नाही, एकदम झाला. मी म्हणालो, "हाय." माझा आवाज मला ओळखू आला नाही. जन्मात इतका भ्यालो नाही. कारण तो मणी इतका वेळ माझ्यासमोर फिरत होता, माझी बायको मागून तो बघत होती, आणि मला तिथे अंधार दिसला नव्हता, धूसरही दिसलं नव्हतं. मला सगळं कापड दिसत होतं.

"आंधळेपण काळं असतं असं समद्यास्नी वाटतं," मामा खडूने कापडावर खूण करत म्हणाले. "ते काळं नसतं. ते रिकामं असतं. तिथं रस्ता दिसतो, भिंत दिसती, दार दिसतं. माणूस तेवढा दिसत न्हाई." त्यांनी दुसरा डोळा तपासला. उजव्यात मणी नाकाच्या बाजूला, वरच्या अंगाला एका ठिकाणी हरवला आणि पुन्हा आला. तिथे त्यांनी बराच वेळ लावला. मग शाल काढून खाली बसले आणि विचारलं, "थेंब कुठलं घालता?" मी खिशातून बाटली काढली. आमच्या शिफ्टची बाटली सुट्टीत मी बरोबर घेऊन फिरायचो. त्यांनी ती बल्बजवळ धरून वाचली आणि मग पुन्हा एकदा, अक्षरावर बोट ठेवून वाचली. "ह्यात स्टिरॉइड हाय. आठ दिसाचं औषिद तुमी चार वर्सं घातलं. डोळ्यातलं प्रेशर चढत गेलं, आन् डोळा गार वाटत ऱ्हायला." मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "बारशाला तुमी माज्याशी बोलला असता, तर..." आणि बाटली माझ्या हातात परत ठेवली. बाहेर जेवणाची हाक आली.

पुण्याच्या डॉक्टरांनी मामांच्या शब्दावर शिक्कामोर्तब केलं. काचबिंदू. गेलं ते गेलं, राहिलंय ते राखायचं. बाटली बंद, दुसरे थेंब सुरू, रोज, जन्मभर. शिफ्टची बाटली मी कचऱ्यात टाकली, संध्याकाळी कट्ट्यावर नवी आली. तीही टाकली. तेव्हा भांडण झालं, मग मी माझी गोष्ट सांगितली, काळ्या कापडासकट. ती ऐकून आठ जण घाबरले, त्यांतले तिघं कवठ्याला जाऊन मामांसमोर बसले, आणि तिघांपैकी एकाचं प्रेशर वर निघालं. त्याचं वेळेत कळलं. तो आजही मामांचं नाव निघालं की दोन्ही हात जोडतो.

मला मात्र पुण्याच्या तपासण्यांवर सोडून द्यायची मामांची तयारी नव्हती. दर तीन महिन्यांनी ते काळ्या कापडाची वळकटी काखेत मारून दोन एसटी बदलत दौंडला यायचे, आमच्या भिंतीला कापड लावायचे, ही दारापाशी बसायची आणि मी बटणाकडे बघायचो. मग एका कागदावर वर्तुळ काढून, खडूच्या खुणा त्यावर उतरवून, गेलेला भाग पेन्सिलीने रेघांनी भरायचे. "येवढं पडीक. येवढं रान ऱ्हायलंय," म्हणायचे. राहिलेलं रान केवढं, तर कागदावर लहान मुलाच्या तळहाताएवढं. त्याची कड जागची हलली नाही, म्हणजे आपण जिंकलो, असा त्यांचा हिशेब. मला ते दिवस हवेसे वाटायला लागले होते. ज्याला टाळायला संडासात लपलो, त्याची एसटी उशिरा आली की मी स्टँडवर येरझाऱ्या घालायचो.

शेवटचे आले तेव्हा सत्तरी उलटली होती, दम लागत होता. मणी त्यांच्या हातात लटपटत होता. तपासणी झाली, कागद तयार झाला आणि मी बघतच राहिलो. डाव्या डोळ्याचं रान वाढलं होतं. चांगलं दोन बोटं, एका अंगाने. मी तीनतीनदा विचारलं. मामा म्हणाले, "दिसतंय ते लिवलंय. ह्यो कागद तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पुण्याच्या डॉक्टरला दावायचा न्हाई. आन् थेंब चुकवायचं न्हाई." त्या दिवशी मी आनंदाने दोन वाट्या शिरा खाल्ला आणि त्यांना एसटीत खिडकीजवळ बसवून आलो. पुढच्याच महिन्यात मामा गेले. त्यांचे डोळे त्यांनी आधीच नेत्रदानाला लिहून ठेवले होते, ते त्या दिवशीच दिले गेले. मयतीला कवठ्याचं अर्धं गाव होतं, आणि त्यांच्या बाजूला उभं राहायला कुणी भीत नव्हतं.

नंतर पुण्याला मशीनवर तपासलं. डॉक्टर म्हणाले, जैसे थे, छान आहे. मी भीत भीत विचारलं, वाढलं नाही? ते म्हणाले, गेलेलं वाढत नसतं हो. घरी येऊन मी हिला म्हटलं, "मामांचा हात फार कापत होता. शेवटच्या कागदात त्यांची चूक झाली."

ही तांदूळ निवडत होती. "चूक नव्हती," ती म्हणाली. "मी दारात बसले होते. तुम्ही नेहमीच्याच जागी 'हाय' म्हणालात. मामांनी तार तिथेच थांबवली, तुमच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि खूण दोन बोटं पलीकडे केली."

दोन तालुक्यांत प्रत्येकाला तोंडावर खरं सांगून त्याची भीती आणि शिव्या पदरात घेतलेला हा माणूस. एकदाच खोटं लिहिलं, आणि ते डॉक्टरला दाखवू नका म्हणून बजावून लिहिलं. तो कागद मी कपाटात ठेवलाय. डोळ्यांत थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं, त्याआधी कधीतरी काढून बघतो. त्या वाढवलेल्या दोन बोटांच्या जागेत मला काहीच दिसत नाही, पण ती जागा मामांनी मला दिलेली आहे, आणि मला त्यांची फार आठवण येते.